पडल्यावर बोलू

अण्णांच्या शोकसभेत बोलायला विद्यापीठाने मलाच उभं केलं. मी म्हणाले, "देसूरकर सर म्हणजे गुणवत्तेच्या बाबतीत कधीही तडजोड न करणारा माणूस." सभागृहात माना डोलल्या. कुलसचिवांनी तर डोळे मिटून डोलावली. मी खाली बसले तेव्हा पहिल्या रांगेतल्या सुमतीकाकू, अण्णांच्या पत्नी, माझ्याकडे बघत होत्या. त्यांची मान हलली नव्हती.

कारण शेवटच्या वर्षात अण्णांना या वाक्याइतकं दुसरं काहीच लागत नसे. "तेवढं सोडून काही पण म्हणा मला," असं त्यांनी मला बजावलं होतं. मला ते माहीत होतं आणि तरी मी तेच म्हणाले. शोकसभेत खरं बोलायची पद्धत नसते, आणि पद्धत मोडायचा धीर मला आयुष्यात कधी झालेला नाही. घरी आल्यापासून जेवण गोड लागत नाहीये. म्हणून हे लिहायला बसले आहे.

अनंत देसूरकर मूळचे बेळगावकडचे. सगळी नोकरी बंगळुरातल्या एका सरकारी कारखान्याच्या तपासणी विभागात गेली, बसवनगुडीत छोटंसं घर झालं, आणि मराठी, कानडी, तेलुगू बोलणारी सगळी माणसं त्यांना अण्णाच म्हणू लागली. निवृत्त झाल्यावर देवळात जाऊन बसतील, नातवंडं सांभाळतील, अशी काकूंची समजूत होती. तेवढ्यात आमच्या विद्यापीठाने उद्योग-सहकार्य कक्ष नावाची एक खोली उघडली. प्राध्यापकांचं संशोधन कपाटात कुजू नये, ते कारखान्यात जावं, त्याची वस्तू व्हावी आणि ती माणसांच्या हातात पडावी, असा या खोलीचा हेतू. आमची संशोधनं कुजत होती हे खरंच होतं. फक्त आम्ही त्याला प्रकाशित होणं म्हणत होतो. कारखानदारांची भाषा समजणारा कोणीतरी जुनाजाणता हवा, म्हणून अण्णांना तांत्रिक सल्लागार नेमलं.

अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, पायात साधी चप्पल, आणि खिशात पंच्याचा तुकडा वाटावा एवढा मोठा रुमाल. कँटीनमध्ये जाऊन ते नेहमी 'बाय-टू' कॉफी मागवत, म्हणजे एकाच कॉफीचे दोन अर्धे पेले. एकटे असले तरी बाय-टूच. मग दुसरा पेला समोर ठेवून तो कोणाला द्यावा हे शोधत बसत. एखादा विद्यार्थी, एखादा सुरक्षारक्षक, कधी चक्क कुलगुरूंचा ड्रायव्हर. "पूर्ण कॉफी घेतली की माणूस गप्प बसून पितो," असं त्यांचं म्हणणं. बंगळुरातली निम्मी माणसं त्यांना त्या निम्म्या कॉफीमुळे ओळखत असावीत.

माझी गाठ पडली ती मात्र कॉफीवर नाही.

मी पुण्याची. वैद्यकीय उपकरणं हा माझा विषय. दिवस पुरे भरायच्या आत जन्मलेली, वजनाला कमी असलेली बाळं चटकन गारठतात. गारठलेलं बाळ रडत नाही, गप्प पडून राहतं, आणि आईला वाटतं झोपलंय. अशा बाळाच्या मनगटावर बांधायचा एक पट्टा मी केला होता. अंग ठरावीक मर्यादेपेक्षा गार झालं की पट्टा वाजायचा. वाजला की आईने बाळाला उघड्या छातीशी धरायचं. एवढंच काम. खर्च फार नाही, शिकायला काही नाही, खेड्यातली कोणतीही बाई वापरू शकेल असं. मला त्याचा अभिमान होता, आणि तो लपवायचं वळण पुण्यात लावत नाहीत.

त्या खोलीत मी पडद्यावर आलेख दाखवत तासभर बोलले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. कोपऱ्यात बसलेले अण्णा उठले आणि म्हणाले, "हातात घेऊ काय?"

"घ्या ना."

त्यांनी पट्टा तळहातावर घेतला, उलटासुलटा बघितला, हात कमरेच्या उंचीवर पुढे धरला आणि सोडून दिला.

पट्टा फरशीवर आपटला. झाकण एकीकडे, बॅटरी दुसरीकडे, एक स्प्रिंग कपाटाखाली. मी किंचाळलेच. "अहो! काय करताय?"

"पडल्यावर बोलू म्हणतो मी नेहमी," अण्णा शांतपणे म्हणाले. "आता पडलं. आता बोलू."

आणि मग बोलायच्या आधी ते गुडघ्यांवर बसले. कोणी पुढे झालं तर हाताने थांबवलं. तो भला मोठा रुमाल फरशीवर पसरून त्यांनी सगळे तुकडे स्वतः वेचले, कपाटाखालची स्प्रिंगसुद्धा. रुमालाची गाठ मारली आणि देवळातला प्रसाद द्यावा तशी दोन्ही हातांनी माझ्या हातात दिली. "झाकण उघडतंय, बाई. ओली बाळंतीण, अंगात त्राण नाही, कडेवर मूल. तिच्या हातनं हे दिवसाकाठी कितीदा पडणार? तुमच्या लॅबमध्ये चालतंय, होय की. घरात बाळ चालतंय तसं. कौतुकच आहे. पण रस्त्यावर सोडाल काय त्याला?"

मी विभागप्रमुखांकडे जाऊन विचारलं, हा माणूस आहे का भूकंप? पण संध्याकाळी झाकण पुन्हा बसवताना त्याला कड नाही हे माझ्या लक्षात आलं. कड केली. झाकण उघडायचं थांबलं. आणि लहान उपकरणांच्या झाकणांची रचना या विषयावर मी एक शोधनिबंध लिहिला, तो छापूनही आला. हे इथे मुद्दाम सांगते, कारण पुढे ही माझी सवयच झाली. अण्णांनी पाडायचं, मी दुरुस्त करायचं, आणि दुरुस्तीवर निबंध लिहायचा.

पट्टा बनवायला बंगळुरातल्याच पीण्या नावाच्या औद्योगिक वसाहतीतला एक लहान कारखानदार तयार झाला, नंजुंडप्पा. सलाइनच्या नळ्यांचे चिमटे आणि औषधांच्या बाटल्यांची झाकणं बनवायचा. गोल चेहऱ्याचा, हसरा, घाम पुसत बोलणारा माणूस. त्याची स्वतःची मुलगी आठव्या महिन्यात जन्मली होती, म्हणून त्याने होकार दिला होता. बाकी त्यात त्याला सुटणार काही नव्हतं. विद्यापीठाने ज्ञान द्यायचं, नंजुंडप्पाने माल करायचा, आणि तांत्रिक सल्लागाराने मान्यता दिल्याशिवाय एकही पट्टा बाहेर पाठवायचा नाही, असा करार झाला. करारात हे पानभर इंग्रजीत होतं. पीण्यात सगळे साध्या शब्दांत सांगायचे, अण्णांनी 'सरी' म्हटलं की माल बाहेर.

सरी म्हणजे ठीक आहे. हा कानडी शब्द बंगळुरात येताजाता प्रत्येकाच्या तोंडी असतो. रिक्षावाला सरी म्हणतो, भाजीवाली सरी म्हणते, मीसुद्धा म्हणते. अण्णा मात्र वस्तूच्या बाबतीत तो फार जपून वापरत.

पहिले थोडे पट्टे घेऊन आम्ही कोलारकडच्या एका तालुक्याच्या रुग्णालयात चाचणीला गेलो. अण्णांना यायची गरज नव्हती, ते आले. बसमध्ये मांडीवर केळ्यांचा घड घेऊन बसले होते, बाळंतिणींना म्हणून. तिथे रत्नम्मा नावाची एक बाई होती, वीटभट्टीवर काम करणारी, आणि तिचं बाळ मूठभर. दुपारी सगळा वॉर्ड पेंगत असताना तिच्या बाळाच्या मनगटावरचा पट्टा वाजला. बाळ निपचित होतं, पाय थंडगार. नर्सने रत्नम्माच्या पोलक्याची बटणं सोडून बाळ तिच्या छातीशी लावलं, वरून पदर, वरून चादर. आम्ही दाराशी उभे. बऱ्याच वेळाने चादरीतून चिरका रडण्याचा आवाज आला. अण्णांनी चष्मा काढून तो रुमालाने इतका वेळ पुसला की काचा झिजतील असं मला वाटलं.

पट्टा चालत होता. माझ्या आयुष्यात मी केलेली ती एकच वस्तू, जी चालताना मी डोळ्यांनी पाहिली.

चाचणीचे पट्टे परत घ्यायचे, असा नियम होता. निघताना आम्ही ते गोळा करू लागलो तेव्हा रत्नम्माने बाळाच्या मनगटावर आपली मूठ आवळून धरली. द्यायला तयार होईना. तिला चार दिवसांनी घरी जायचं होतं, आणि घर म्हणजे भट्टीजवळचं पत्र्याचं खोपटं. मला वाटलं, राहू दे, एक पट्टा हरवला म्हणून सांगू. मी अण्णांकडे बघितलं. अण्णा तिच्या खाटेशी खाली बसले आणि कानडीत समजावू लागले. त्याचं बक्कल अजून पक्कं नाही, अम्मा. कालच एकदा आपटल्यावर उघडलं. झोपेत पट्टा गळून पडला तर तो वाजणार नाही. वाजला नाही म्हणजे बाळ बरं आहे असं तू धरून चालशील. त्यापेक्षा पट्टा नसलेला बरा; निदान तू हात लावून बघशील.

रत्नम्माने विचारलं, "मग कधी देणार?"

"दसऱ्याला."

"नक्की?"

"नक्की," अण्णा म्हणाले, आणि तिची बोटं एकेक करून सोडवून त्यांनी तो पट्टा स्वतःच्या हाताने काढून घेतला. परतीच्या बसमध्ये ते त्या पट्ट्याचं बक्कल उघडून-लावून बघत राहिले. त्यांचं म्हणणं बरोबर होतं, आणि मला ते बरोबर नसतं तर बरं वाटलं असतं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी पीण्यात आयुधपूजा असते. सगळे कारखाने धुऊनपुसून लख्ख करतात, यंत्रांना झेंडूच्या माळा घालतात, हळदकुंकू लावतात आणि दाराशी कुंकू भरलेला कोहळा फोडतात. नंजुंडप्पाने यंत्रासमोर पाटावर लाल कापड घालून त्यावर आमचे नवे पट्टे ठेवले होते, प्रत्येकावर कुंकवाचा ठिपका. पूजा झाली, चुरमुरे आणि पेढे वाटले, कोहळा फुटला. आता फक्त अण्णांचा शब्द बाकी होता. अण्णांनी हात धुतले, पाटावरचा एक पट्टा उचलला, नमस्कार केला, हात पुढे धरला आणि सोडला. पुन्हा सोडला. पुन्हा. कारखान्यातल्या बायका श्वास रोखून मोजत होत्या. केव्हातरी टक् आवाज झाला आणि बक्कल उघडलं.

"अण्णा," नंजुंडप्पा म्हणाला, "इतक्यांदा कुठलं बाळ पट्टा पाडेल?"

"बाळ नाही पाडणार. वर्ष पाडेल," अण्णा म्हणाले. "स्वल्प थांबू. बक्कल बदलू."

चिडून मी त्या आठवड्यात बसवनगुडीला त्यांच्या घरी गेले, भांडायलाच. अण्णा बाजारात गेले होते. काकूंनी मला भडंग दिलं आणि माझा आवाज चढलेला बघून म्हणाल्या, "बस गं. तुला एक सांगते."

नोकरीच्या सुरुवातीला अण्णांनी रेल्वेचे रूळ राखणाऱ्या गँगमनसाठी केलेला हातदिवा तपासून पास केला होता. सगळ्या नियमांत बसलेला दिवा. पुढे लोंढ्याच्या घाटात एका गँगमनच्या हातून तो पडला, बॅटरीचं झाकण उघडलं, अंधार झाला, आणि माणूस रुळांखालच्या मोरीवरून खाली गेला. चौकशी झाली. दोष कोणाचाच निघाला नाही. पाडून बघावं असं नियमात लिहिलेलंच नव्हतं. काही वर्षांनी गावाकडे जाताना लोंढा स्टेशनवर एका लंगडणाऱ्या माणसाने अण्णांकडे चुना मागितला. बोलता बोलता कळलं, तोच तो. "ह्यांनी चुन्याची डबीच देऊन टाकली त्याला," काकू म्हणाल्या. "नाव काही सांगितलं नाही. त्या दिवसापासनं घरात आलेली प्रत्येक वस्तू पाडून बघतात. मिक्सरचं भांडं पाडलं, माझा नवा चष्मा पाडला. जावयाचा मोबाइल पाडला, साखरपुड्यात."

मी हसले. काकू हसल्या नाहीत. "चुकीची भीती बसली की माणूस दुसरी चूक करतो," असं म्हणून त्या चहा ठेवायला उठल्या. ते वाक्य मी तेव्हा कानाआड केलं.

पुढच्या दसऱ्याला बक्कल टिकलं, पण अण्णांनी पट्टा स्वतःच्या मनगटावर कितीतरी दिवस बांधून ठेवला होता आणि तिथे लाल चट्टा उठला होता. "माझं कातडं म्हशीचं. बाळाचं काय होईल?" पट्ट्याचं कापड बदललं. कापड मऊ झालं तसं जुनं बक्कल त्याला धरेना. पुन्हा बक्कल. दर वेळी अण्णांचं म्हणणं रास्त असायचं. त्यात एकही आडमुठेपणाचा मुद्दा नव्हता, हेच वाईट होतं. मी घाई करायला हवी होती. अण्णा, आता पुरे, असं टेबलावर हात आपटून म्हणायची जागा माझी होती. संशोधन माझं होतं. मी म्हणाले नाही. बाळाच्या कातडीवर एक निबंध झाला, बक्कलांवर दोन झाले, एकाला परदेशात पारितोषिक मिळालं. अण्णांच्या प्रत्येक नकारामुळे माझी एकेक पायरी वाढत होती. कोणी विचारलं, काय झालं हो तुमच्या पट्ट्याचं, की मी खांदे उडवून म्हणायचे, "अण्णांनी अजून सरी म्हटलं नाही ना!" लोक हसायचे. मीही.

तिसऱ्या आयुधपूजेला मी गेले तेव्हा यंत्राला माळ होती, कोहळा होता, पण पाटावर आमचे पट्टे नव्हते. तिथे मिक्सरच्या भांड्यांची झाकणं ठेवली होती. नंजुंडप्पा माझ्यासमोर नाही, अण्णांसमोर हात जोडून उभा राहिला. बाहेरच्या एका मोठ्या कंपनीचा असाच पट्टा बाजारात आला होता, महागडा, पण आला होता. विद्यापीठाच्या खोलीने आमचा करार पुढे न वाढवायचं ठरवलं होतं. आमचा साचा काढून ठेवल्याशिवाय त्याला दुसरं काम घेता येत नव्हतं.

"रागावू नका, अण्णा."

"तुमच्यावर कशाला रागावू?" अण्णा म्हणाले. त्यांनी चुरमुरे ओंजळीत घेतले आणि कारखान्याबाहेर येईपर्यंत तसेच धरून ठेवले. रस्त्यावर आल्यावर म्हणाले, "रत्नम्माला मी दसरा म्हणालो होतो, बाई. कुठला ते तिने विचारलं नव्हतं."

थोड्याच दिवसांत मी प्रोफेसर झाले. अण्णा पेढे घेऊन आले, माझ्या खोलीत बसून बाय-टू कॉफी मागवली आणि दुसरा पेला माझ्यापुढे सरकवला. मनापासून आनंद झाला होता त्यांना. मी मात्र पेढा कागदात गुंडाळून ठेवला. मग अण्णा सहज सांगावं तसं म्हणाले, "उद्या जाऊन येतो तिकडे. तालुक्याला. येता काय?"

मला सत्काराला जायचं होतं. ते एकटे गेले, मांडीवर केळ्यांचा घड घेऊन. रुग्णालयातल्या नर्सला रत्नम्मा आठवत होती, पण भट्टी बंद पडली होती आणि माणसं पांगली होती. बाळाचं काय झालं, कोणालाच माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी अण्णांना समजावलं, अहो, चांगलंच असेल, आता पळत असेल ते. अण्णा म्हणाले, "असेल की. कळलं असतं तर एकच गोष्ट मनात राहिली असती. आता सगळ्या राहतात."

त्यानंतर ते विद्यापीठात येईनासे झाले. कोणी कौतुकाने तडजोड न करणारा माणूस म्हटलं की चेहरा कसनुसा करत. काकू सांगायच्या, हल्ली घरात काही पाडत नाहीत. नवा कुकर आणला तो तसाच ओट्यावर ठेवला. काकूंना वर्षानुवर्षं हवं होतं ते झालं होतं, आणि त्यांनाच ते बघवत नव्हतं.

शेवटची भेट जयनगरच्या एका नर्सिंग होममध्ये झाली. अण्णांची धाकटी लेक बाळंत झाली होती, दिवस भरायच्या आत. बाळ काचेच्या पेटीतून बाहेर येऊन आईजवळ आलं होतं. अण्णांचा फोन आला, "बाई, जरा येऊन जा. एक दाखवायचं आहे."

मी गेले. लेक झोपली होती. बाजूच्या पाळण्यात बाळ, आणि त्याच्या इवल्याशा मनगटावर पट्टा. आमचा नव्हे, त्या मोठ्या कंपनीचा. रंग सुरेख, आकार नेटका. अण्णांनी बोट दाखवलं. बक्कलाच्या जागी पांढरी चिकटपट्टी गुंडाळलेली होती, सलाइनची सुई हलू नये म्हणून लावतात तीच.

तेवढ्यात नर्स आली. कोवळी, चटपटीत पोरगी. अण्णांनी तिला कानडीत विचारलं, "ही पट्टी कशाला लावलीय, अम्मा?"

"अय्यो, ते बक्कल रोज उघडतं," ती सहज म्हणाली. "पट्टा आल्या आल्याच आम्ही चिकटपट्टी लावतो. सगळीकडे लावतात."

"आणि गळून पडला, वाजलाच नाही, तर?"

नर्सला प्रश्नच कळेना. "तरी आम्ही बघतोच की, ताता," ती आजोबांना समजवावं तशी म्हणाली. "बाळांच्या आया पण बघतात. पट्टा आहे म्हणून बाळाला हात लावायचं कोण सोडतं?"

तिच्या हातात चिकटपट्टीचं रीळ होतं. अण्णांनी त्यातला तुकडा मागितला. तिने दातांनी तोडून दिला आणि ती पुढच्या खोलीत गेली.

आम्ही बाहेर बाकावर बसलो. अण्णांनी शर्टाच्या खिशातून रुमाल काढला, त्याची गाठ सोडली. आत आमचा पट्टा होता. कुठल्यातरी आयुधपूजेचा, कुंकवाचा फिका डाग अजून होता. त्यांनी बक्कल लावलं, त्यावरून तो पांढरा तुकडा गुंडाळला, अंगठ्याने नीट दाबला. मग जुन्या सवयीने हात कमरेच्या उंचीवर पुढे धरला. मी वाट बघत होते. त्यांची बोटं उघडली नाहीत.

"एवढंच होतं गं," ते म्हणाले. मला ते पहिल्यांदाच 'गं' म्हणाले.

"अण्णा, तुमचा एकट्याचा दोष नाही. मीच घाई..."

त्यांनी मला पुढे बोलू दिलं नाही. पट्टा दोन्ही हातांनी माझ्या ओंजळीत ठेवला.

"सरी," ते म्हणाले. आणि उठता उठता, "ह्याच्यावर पेपर लिहू नका."

ते आत गेले; मी बाकावरच होते. दार अर्धं उघडं होतं. आत अण्णा पाळण्यापाशी वाकले होते. पट्ट्याकडे त्यांचं लक्ष नव्हतं. बाळाच्या पोटावर हात ठेवून ते उभे होते, अंग गरम आहे ना, ते बघत.